सुटत नाही तो ब्रेक : बैलगाडीपासून जीपपर्यंत, आपल्या घाटाच्या निमित्तानं



मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातला एक पोरगा त्याच्या वडिलांची जुनी डिझेल जीप घेऊन वावरात आला. म्हणे, "काका, गाडी ओढत नाही. डिझेल लय खाते. इंजिन काढा लागते काय?" मी बोनेट उघडलंच नाही. चारही चाकांजवळ बसून ड्रमजवळ हात नेला. तीन चाकं कोमट होती. पुढचं डावं चाक एवढं तापलेलं, की वीतभर अंतरावरूनच झळ लागत होती. इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं. तो ब्रेक धरून बसला होता, अन् इंजिन बिचारं स्वतःच्याच ब्रेकशी रस्सीखेच करत होतं.

ब्रेक लागत नसला तर माणूस घाबरतो अन् लगेच मेकॅनिककडं पळतो. पण ब्रेक सुटत नसला तर महिना महिना कोणाच्या ध्यानात येत नाही. गाडी जड चालते, डिझेल जास्त जातं, टायर झिजतो. आपण म्हणतो, गाडी म्हातारी झाली. आजची नोंद या न सुटणाऱ्या ब्रेकवर आहे. ती जरा इतिहासाच्या वाटेनं सांगतो. कारण जुन्या जीपच्या एका चाकात तीन वेगवेगळ्या काळांतलं काम एकत्र बसलेलं असतं. कोणत्या काळातलं काम अडकलं हे ओळखता आलं, की अर्धी दुरुस्ती झाली म्हणून समजा.

घाटावर अन् घाटाखाली

आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग सगळ्यांना माहीत आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. मधे अजिंठ्याच्या डोंगराची कड. बुलडाण्याहून मोताळा-मलकापूरकडं जायचं तर राजूर घाट, खामगावकडं जायचं तर बोथ्याचा घाट. म्हणजे आपल्या लोकांना ब्रेकची गरज मोटारीच्याही आधीपासून होती.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६० च्या दशकात रेल्वे घाटाखालून गेली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. हे सगळं कापसासाठी. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बहुतेक लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून दूर दूर जायचा. पाठीवर माल असला तर चाक नाही, अन् चाक नाही तर ब्रेकही नाही. रेल्वे आली, सडका झाल्या, अन् घाटावरचा कापूस गाड्यांत भरून खाली स्टेशनाकडं उतरू लागला. इथून आपल्याकडं ब्रेकचा प्रश्न सुरू होतो.

बैलगाडीचा पहिला ब्रेक म्हणजे बैल. उतारावर गाडी पुढं ढकलते, जू मानेवरून शिंगांकडं सरकतं, बैल मागं रेटून तिला आवरतात. ओझं थोडं मागं सरकवायचं म्हणजे बैलांच्या मानेवरचा भार कमी होतो, पण जास्त मागं गेलं तर गाडी उलाळ होते. उतार जास्त असला तर मागं एखादा ओंडका बांधून फरफटत न्यायचा, नाहीतर एक चाक साखळीनं बांधून घसटत न्यायचं. पुढं गाडीच्या मागच्या अंगाला आडवं लाकूड आलं. दोर ओढला की ते लाकूड चाकाच्या धावेवर घासायचं.

माझे वडील सांगायचे, आमच्या आजाच्या गाडीचा हा दोर अंबाडीचा होता. कोरड्या दिवसांत काही त्रास नाही. पण पाऊस लागला की दोर भिजून आखडायचा, अन् लाकूड कोणी न ओढताच चाकाला लागून राहायचं. बैल घामाघूम व्हायचे. गाडीवानाला वाटायचं चिखल जास्त आहे, म्हणून तो पराणी लावायचा. शेवटी एखादा शहाणा माणूस खाली उतरून धावेला हात लावून पाहायचा. धाव तापलेली असली की समजायचं, बैलाचा काही दोष नाही, दोर आखडला आहे. तापू देणं परवडणारं नव्हतं. लोहार धाव तापवून चाकावर चढवतो अन् पाणी टाकून आवळतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तीच धाव घासून घासून पुन्हा तापली, तर सैल होऊन निसटते.

म्हणजे सुटत नसलेला ब्रेक ओळखायची पहिली रीत त्या काळातली: थांबायचं, उतरायचं, चाकाला हात लावायचा. अन् त्याहीआधी तुंबा तपासायचा, कारण वंगण संपलं तरी चाक जड होतं अन् तुंबा तापतो. या दोन गोष्टी, वंगण अन् घासणारं लाकूड, वेगळ्या ओळखणं हे त्या काळचं निदान होतं. ते आजही चालतं.

रेल्वेतही तेच. लहानपणी मलकापूर स्टेशनावर पाहायचो, गाडी न थांबता जात असली तरी स्टेशनचा माणूस झेंडी घेऊन उभा राहून जाणाऱ्या चाकांकडं पाहत असे. मला वाटायचं उगाच उभा आहे. नंतर समजलं, तो धूर, ठिणग्या अन् तापलेला कणा पाहत असतो. डब्याचा ब्रेक चिकटून राहिला तर इंजिनवाल्याला पुढं समजत नाही, बाजूला उभ्या माणसाला दिसतं.

लाकडावर चामडं

मोटारीच्या जन्मातही एक घाट आहे. जर्मनीत कार्ल बेंझनं १८८६ मध्ये तीन चाकी मोटारीचं पेटंट घेतलं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था, दोन पोरांना घेऊन अन् नवऱ्याला न विचारता, तीच गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. तिनं वाटेतल्या गावच्या जोडे शिवणाऱ्याकडं जाऊन ब्रेकच्या लाकडावर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ज्याला लाइनर म्हणतो, त्याची सुरुवात ही अशी सांगतात.

पुढं इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं १८९७ च्या सुमारास ब्रेकला लावायच्या मालाचा धंदा सुरू केला. त्याची गोष्ट अशी सांगतात, की डोंगराळ भागातले गाडीवान घोडागाडीच्या लाकडी ब्रेकवर जुन्या बुटाचे तुकडे लावतात हे त्यानं पाहिलं, अन् त्यावरून त्याला कल्पना सुचली. त्याच्याच नावाची अक्षरं फिरवून फेरोडो हे नाव झालं. चामड्याच्या जागी आधी विणलेलं कापड अन् नंतर ॲस्बेस्टॉस आलं. ॲस्बेस्टॉस जळत नाही, म्हणून ते कितीतरी वर्षं चाललं. पण त्याची धूळ फुप्फुसात बसली की माणसाला वीस-तीस वर्षांनी मारते. जुनी गाडी उघडाल तेव्हा ड्रममधली काळी धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसून घ्या अन् फडकं फेकून द्या. ही गोष्ट मी स्वतः लय उशिरा शिकलो.

ड्रम अन् स्प्रिंग

१९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनॉनं आतून फाकणाऱ्या शूचा ड्रम ब्रेक आणला. बाहेरून दाबायचं लाकूड आत गेलं. चिखल, पाणी यांपासून ते वाचलं. पण एक गोष्ट बदलली: ब्रेक झाकला गेला. बैलगाडीवर बसूनही दिसायचं, लाकूड चाकाला लागलं की नाही. ड्रममध्ये ते दिसेनासं झालं.

ड्रममध्ये ब्रेक लावायचं काम तुमच्या पायाचं. पण सोडायचं काम तुमचं नाही, ते स्प्रिंगचं. शू मागं ओढून घेणारी ती साधी स्प्रिंग. ती मरगळली, मोडली किंवा चुकीच्या जागी लावली, तर शू ड्रमला लागून राहतो. शू ज्या पट्टीवर सरकतो तिथं गंज चढून खाच पडली, तरी तेच. हँडब्रेकची केबल नळीत गंजली, तरी तेच. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. जुन्या जीपांत तो गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवरच्या वेगळ्या छोट्या ड्रमवर असतो. तिथं धरला तर चाकं थंड अन् मधला ड्रम लालबुंद. असंही मी पाहिलं आहे.

तेलाचा दाब

सुरुवातीच्या गाड्यांत पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी दांडे अन् तारा होत्या. चारही चाकांना सारखा ब्रेक लागावा म्हणून ते दांडे सारखे आवळत बसावं लागे. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगायला नको. आपले जुने ट्रॅक्टर दांड्याच्या ब्रेकचेच आहेत. डावं अन् उजवं पेडल सारखं नसलं तर काय होतं ते ट्रॉली लावल्यावर समजतं.

अमेरिकेत माल्कम लॉकहीड यानं १९१७ मध्ये तेलाच्या दाबानं चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. बंद नळीत पातळ पदार्थावर दाब दिला की तो सगळीकडं सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण दहावीच्या आधीच शिकतो. १९२१ च्या ड्यूझनबर्ग मोटारीला चारही चाकांना असा ब्रेक आला. पण लॉकहीडच्या सिलेंडरात चामड्याचे कप होते, ते गळायचे. १९२४ मध्ये क्रायस्लर मोटार आली तेव्हा तिच्या इंजिनिअरांनी चामडं काढून रबराचे कप बसवले, अन् ही पद्धत खरी चालू झाली. फोर्डनं मात्र १९३९ पर्यंत तारा अन् दांडे सोडले नाहीत.

आता नीट वाचा, कारण माझ्या घरावर जे बेतलं त्याचं मूळ इथं आहे. त्या काळात नळीत भरायचा जो पदार्थ होता, तो एरंडीचं तेल अन् अल्कोहोल यांचं मिश्रण असे. एरंडीचं तेल रबराला फुगवत नाही. आपण त्याला "ब्रेक ऑइल" म्हणतो, अन् त्या काळी ते नाव बरोबरच होतं. आज डबीत जे मिळतं, डॉट ३ किंवा डॉट ४, ते तेल नाही. तो वेगळाच रासायनिक पदार्थ आहे, पाण्यात मिसळतो, हवेतला ओलावा शोषतो. पण नाव राहिलं "ऑइल". अन् ऑइल म्हटलं की शेतकऱ्याच्या घरात ऑइलचे चार डबे असतातच.

मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पेडलजवळच्या मुख्य सिलेंडरमध्ये, एक टाचणीएवढं बारीक छिद्र असतं. पेडलवरून पाय काढला की पिस्टन मागं येतो, हे छिद्र उघडं होतं, अन् नळीतला उरलेला दाब टाकीत परत जातो. ड्रममध्ये सोडायचं काम स्प्रिंगचं आहे, तसं तेलाच्या ब्रेकमध्ये सोडायचं काम या छिद्राचंही आहे. ते कचऱ्यानं बुजलं, किंवा फुगलेल्या रबरानं झाकलं, किंवा पेडलचा दांडा एवढा लांब ठेवला की पिस्टन पूर्ण मागं येतच नाही, तर दाब आत कोंडतो. ब्रेक थोडा लागलेला राहतो. तो घासून तापतो. आतला पदार्थ तापून फुगतो, पण फुगलेल्याला परतायला वाट नाही, म्हणून दाब आणखी वाढतो. ब्रेक आणखी लागतो, आणखी तापतो.

जीप आपल्याकडं

अमेरिकेनं दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून विलीज जीप बनवली, तिला सुरुवातीपासून तेलाच्या दाबाचे ड्रम ब्रेक होते. १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीनं १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. पुढं ती इथंच बनू लागली अन् तिच्यात डिझेल इंजिन आलं. १९६२ मध्ये मद्रासला टीव्हीएस अन् इंग्लंडची लुकास यांनी मिळून ब्रेक्स इंडिया ही कंपनी काढली, म्हणून सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळू लागले. सरकारी साहेबांची जीप, मग पुढाऱ्याची, मग लिलावातून शेतकऱ्याची, असा तिचा आपल्या खेड्यांतला प्रवास. आमच्याकडं आली ती तिसऱ्या हाताची.

राजूर घाट, मे २००४

मोताळ्याला लग्न होतं. जीपमध्ये आम्ही नऊ जण. आई, वडील, बायको, भावाचं कुटुंब अन् दोन लहान पोरं. तीन दिवस आधी मी पाहिलं, ब्रेकच्या टाकीतलं ऑइल कमी झालंय. घरात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या तेलाचा डबा होता. मी त्यातलं ओतलं. ऑइल ते ऑइल.

दोन दिवसांनी पेडल वर आलं अन् कडक झालं. मला आनंद झाला. भावाला म्हटलं, "पाय, आता ब्रेक कसा टाइट झाला." निघालो त्या दिवशी जीप उतारावरसुद्धा मोकळी पळत नव्हती, बुलडाणा ओलांडताना जळकट वास येत होता. मी म्हटलं, ऊन आहे, डांबर तापलं असंल.

एक हिशेब सांगतो. दोन टन वजनाची भरलेली गाडी १०० मीटर खाली उतरली, की तिची जेवढी शक्ती कुठंतरी जिरवावी लागते, तेवढ्यात साधारण सहा लिटर गार पाणी उकळतं. इंजिन गिअरमध्ये असलं तर त्यातली बरीच उष्णता इंजिन अन् हवा घेते. पण ब्रेक आधीच तापलेले असले अन् सगळा भार त्यांच्यावर टाकला, तर ती उष्णता ड्रममध्ये, अन् ड्रममधून व्हील सिलेंडरात जाते. नवीन डॉट ३ ला उकळायला २०५ अंश लागतात. पण पावसाळे खाऊन त्यात पाणी मुरलं की १४० अंशांच्या आसपासच ते उकळतं. उकळलं की वाफ. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पाय पेडलवर पडतो अन् पेडल कुठंच काही ढकलत नाही. वरून ड्रम तापून फुगतो अन् शूपासून दूर जातो, तापलेल्या धावेसारखा.

घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणाला पेडल मऊ झालं. पुढच्या वळणाला ते तळाला टेकलं. तीन दिवस जो ब्रेक सुटत नव्हता, तो असा एकदम सुटला. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, पोरांना खाली बसायला ओरडलो, अन् दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूच्या नालीत डावी चाकं घातली. मुरमाला घासत घासत जीप थांबली. आईचा हात मनगटात मोडला. बाकी कोणाला काही झालं नाही. वरून एस.टी. येत होती, ती थांबली अन् लोकांनी आईला उतरवलं.

वडील खाली उतरले. ते मोटार कधी चालवली नसलेले, पण आजासोबत कापसाच्या गाड्या घाटातून उतरवलेले. त्यांनी पुढच्या चाकाजवळ हात नेला अन् मागं घेतला. मला एवढंच विचारलं, "निंगताना चाकाले हात लावला होता काय?"

लावला नव्हता. त्यांनी मला नंतर कधी त्याबद्दल काही म्हटलं नाही. पण आईचा तो हात पुढं पावसाळ्यात दुखायचा, अन् तिनं मनगट धरलेलं दिसलं की मला तो तेलाचा डबा आठवायचा.

कोणतं काम अडकलं, ते कसं ओळखायचं

आता निदान. क्रम सोडू नका. हे काम सपाट जागेवर, बाकीच्या चाकांना दगड लावून, पक्क्या घोडीवर करायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही.

१. दोन-चार किलोमीटर सपाट रस्त्यावर, ब्रेक कमीत कमी वापरून चालवा. गिअर न्यूट्रल करून गाडी आपोआप थांबू द्या. मग चारही चाकांजवळ उलटा हात न्या, ड्रमला चिकटवू नका. एकच चाक तापलं, तर दोष त्या चाकाजवळ. चारही तापली, तर दोष पेडलजवळ. हा पहिला अन् मोठा फाटा.

२. तापलेलं चाक उचलून हातानं फिरवा. जड फिरत असलं, तर गाडी चालू असताना एकदा ब्रेक मारून सोडा अन् पुन्हा फिरवा. बऱ्याचदा ब्रेक मारल्यावरच धरतो.

३. आता त्या चाकाच्या मागची हवा काढायची निपल पाव आटा सैल करा. तोंड बाजूला ठेवा, बारीक नळी लावून बाटलीत घ्या. धार उडाली अन् चाक लगेच मोकळं झालं, तर दाब कोंडलेला होता. दोष १९१७ नंतरचा, म्हणजे तेलाच्या बाजूचा. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर दोष त्याआधीचा: शू, स्प्रिंग, केबल, गंजलेला व्हील सिलेंडर, नाहीतर बेअरिंग.

४. जुन्या बाजूचा दोष असला तर शूची सेटिंग पूर्ण सैल करा. मोकळं झालं, तर शू जास्त आवळलेला होता किंवा स्प्रिंग मेली. तरीही जड, तर ड्रम काढून ब्रेक बाजूला करा अन् नुसता हब फिरवा. तोही खरखरत असला, तर ब्रेकचा काही संबंध नाही, बेअरिंगचं ग्रीस गेलं. बैलगाडीचा तुंबा.

५. तेलाच्या बाजूचा दोष अन् एकच चाक असलं, तर पुन्हा ब्रेक मारा, चाक धरू द्या. आता निपल न उघडता, रबरी पाइप जिथं लोखंडी नळीला जोडलेला आहे तो वरचा जोड सैल करा. चाक मोकळं झालं नाही, पण निपल उघडल्यावर होतं, तर रबरी पाइप आतून सोलला आहे. बाहेरून धडधाकट दिसतो, आत रबराची पापडी झडपेसारखी बसते. पायाच्या जोरानं तेल जातं, स्प्रिंगच्या जोरानं परत येत नाही.

६. चारही चाकं धरत असली तर पेडल पाहा. हातानं दाबल्यावर अर्धा इंच तरी रिकामं गेलं पाहिजे. नसंल जात, तर दांड्याची लांबी कमी करा. अर्धा इंच आहे तरी धरतं, तर मास्टर सिलेंडरमधून निघणारा नळीचा जोड सैल करा. चाकं सुटली, तर दोष मास्टर सिलेंडरमध्ये: बुजलेलं छिद्र किंवा फुगलेला कप. बूस्टर असलेल्या गाडीत सिलेंडरचे नट थोडे सैल करून तो पुढं ओढून पाहा. तेवढ्यानं सुटलं, तर बूस्टरचा दांडा लांब आहे.

प्रत्येक वेळी जोड उघडला की तो आवळून, नवीन पदार्थ भरून, पूर्ण हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

दुरुस्ती

शू आवळताना चाक घासेपर्यंत आवळा अन् मग ते हातानं मोकळं फिरेपर्यंत मागं घ्या. स्प्रिंगा जोडीनं बदला. शू सरकतो त्या जागा घासून साफ करून तिथं उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा नुसता हात फिरवा. लायनरला ग्रीस लागू देऊ नका. रबरी पाइप दोन्ही बाजूंचे सोबत बदला.

सिलेंडर उघडलं अन् आत गंजाचे खड्डे दिसले, तर कागदानं घासून चालवू नका, नवीन बसवा. छिद्र साफ करायला जाड तार घालून ते मोठं करू नका. अन् माझ्यासारखं कोणी खनिज तेल ओतलं असंल, इंजिनचं, हायड्रॉलिकचं किंवा डिझेल, तर नुसतं काढून नवीन भरल्यानं भागत नाही. सगळे कप, सगळे रबरी पाइप, टाकीच्या झाकणाचं रबरसुद्धा बदलावं लागतं अन् लोखंडी नळ्या स्पिरिटनं धुवाव्या लागतात. रबर धुवायला डिझेल-पेट्रोल कधीच नाही. मला ते सगळं करावं लागलं. एका डबीचे पैसे वाचवायला गेलो होतो.

ब्रेकचा पदार्थ दोन वर्षांनी बदला. उघडून ठेवलेली अर्धी डबी पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, ती हवेतला ओलावा पिऊन बसलेली असते.

वाटेत ब्रेक धरला तर ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. सावलीत थांबा, थंड होऊ द्या. निपल उघडून चाक सुटलं म्हणून घाट उतरायला जाऊ नका. सपाटीवर हळू न्या, नाहीतर ओढून न्या. अन् घाट ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा.

त्या पोराच्या जीपचं सांगायचं राहिलं. निपल उघडली, चाक सुटलं. पुन्हा ब्रेक मारला, वरचा जोड उघडला, चाक धरूनच. म्हणजे रबरी पाइप. तो कापून पाहिला तर आत सुई जाईल एवढीच वाट उरली होती. दोन्ही पाइप बदलले, हवा काढली, चाक बोटानं फिरायला लागलं. तो इंजिन खोलायला शहरात न्यायच्या तयारीत होता.

तो निघाला तेव्हा त्याला म्हटलं, घरी पोचला की पहिले चाकांना हात लाव अन् मला फोन कर. संध्याकाळी फोन आला. चारही चाकं सारखी कोमट.

राम राम.